यातलं नाही

चाचणी घ्यायला बसली, की ऋजुता सोवनी समोरच्या माणसाला कसलीही मदत करत नसे. मान डोलवत नसे, 'बरोबर' म्हणत नसे, भुवईसुद्धा उचलत नसे. माणूस मोबाइलच्या पडद्यावर चुकला तर चुकू द्यायचा आणि किती सेकंदांनी सावरला ते लिहायचं. ॲप वापरता आलं नाही तर चूक ॲपची, तुमची नाही, हे वाक्य ती प्रत्येक चाचणीच्या सुरुवातीला म्हणे. ते तिला मनापासून पटलेलंही होतं.

सांगलीला मालन शिरगुप्पे यांच्या घरी मात्र आधी खोली रिकामी करावी लागली.

"मी हितंच बसते की," शेजारच्या राजाक्का म्हणाल्या. "तिचं मला समजतंय."

"म्हणूनच तुम्ही नको," ऋजुता म्हणाली. "तुम्ही असलात तर ॲपला काम काय उरणार?"

"बघ मालन. तुझ्या घरातनं मलाच हाकलाय लागलीया ही."

"न्हाई," मालनबाई म्हणाल्या.

मालनबाईंना अर्धांगाचा झटका येऊन सोळा महिने झाले होते. उजवा हात मांडीवर पडून असे. पाय ओढत का होईना, चालायला लागला होता. बोलणं मात्र गेलं होतं. याला वाचाघात म्हणतात. मनात काय सांगायचंय ते माणसाला ठाऊक असतं, दुसऱ्याचं बोललेलंही बहुतेक समजतं, पण शब्द शोधून तोंडापर्यंत आणणारा मेंदूचा भाग जायबंदी झालेला असतो. अशा काही रुग्णांकडे एखादाच शब्द उरतो आणि काहीही बोलायला गेलं तरी तोच बाहेर पडतो. मालनबाईंकडे 'न्हाई' उरलं होतं. चहा हवा असला तरी न्हाई, नको असला तरी न्हाई. मुलगा आला तरी न्हाई आणि निघाला तरी न्हाई.

"धा तऱ्हेचं न्हाई हाय तिचं," राजाक्का उंबऱ्यातून म्हणाल्या. "खाली आपटलं म्हणजे खरंच न्हाई. वर उचललं की होय. मधीच लांबवलं, तर आमच्यावर चिडलीया असं समजायचं."

ऋजुताला हे फार रंजक वाटलं. तिने ते कागदाच्या समासात लिहून घेतलं. फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नव्हता.

मालनबाई तीस वर्षं मार्केट यार्डात हळद निवडत होत्या. हळकुंड दोन्ही हातांनी मोडायचं, मोडताना आवाज कसा येतो ते ऐकायचं, आतला गाभा उजेडात धरायचा आणि ठरवायचं. त्यांनी बाजूला टाकलेलं हळकुंड पुन्हा ढिगात घालायची कुणाची छाती नव्हती, असं राजाक्का सांगत. नवऱ्यामागे त्यांनी गावभागातलं हे घर राखलं, मुलाला, सन्मतीला, इंजिनिअर केलं. सन्मती आता पुण्याला होता. आईनं आपल्याकडे राहायला यावं, असं त्याचं म्हणणं होतं. दर खेपेला तो विचारी आणि दर खेपेला त्याला 'न्हाई' ऐकू येई. राजाक्का म्हणत, हे खाली आपटलेलं आहे. पण राजाक्कांनाच शेजार हवा असणार, असंही त्याला वाटे.

चाचणीला आईचं नाव देताना तो फोनवर म्हणाला होता, "मॅडम, बाकी काही नाही सांगितलं तरी चालेल. आईला इथं राहायचंय का माझ्याकडे यायचंय, एवढं जरी तुमच्या ॲपनं सांगितलं तरी उपकार होतील."

ॲपचं नाव 'मुखर'. त्याचं तत्त्व सोपं होतं. आवाज फुटला नाही तरी बोलायचा प्रयत्न करताना जीभ, जबडा आणि कंठाचे स्नायू किंचित हलतात आणि त्यांत क्षीण विद्युत् संदेश उठतात. हनुवटीखाली लावलेली नाण्याएवढी पट्टी ते संदेश टिपून मोबाइलला देत असे. पण वाचाघातात हे संदेशच विस्कटलेले असतात, म्हणून नुसते तेवढ्यावर भागत नाही. समोर कोण आहे, वेळ कोणती, आत्ता काय विचारलं गेलं, याआधी या माणसाने काय निवडलं आणि अशा प्रसंगी इतर माणसांनी काय निवडलं, या सगळ्याचा हिशोब करून ॲप तीन वाक्यं पडद्यावर मांडे. माणसाने एकावर बोट ठेवलं की मोबाइल ते वाक्य मोठ्याने बोले. निवडलेलं वाक्य ॲप लक्षात ठेवी आणि पुढच्या वेळी ते जरा वर आणी. संदेश जितका अंधुक, तितका ॲपचा भरवसा इतरांच्या निवडीवर.

तीन वाक्यांच्या खाली चौथं बटण होतं, करड्या रंगाचं. त्यावर लिहिलं होतं, 'यातलं नाही'. ते दाबलं की ॲप जरा लांबची, कमी संभवणारी तीन वाक्यं शोधून आणत असे.

राजाक्का चहा ठेवून बाहेर गेल्या. ऋजुताने पट्टी लावली, मोबाइल स्टँडवर उभा केला, कॅमेरा सुरू केला. मालनबाईंचा डावा अंगठा पडद्याजवळ आला. पहिली सहा कामं नीट झाली. पाणी मागा. पंखा बंद करायला सांगा. तुमचं नाव सांगा.

"आता तुमच्या मनात असेल ते सांगा," ऋजुता म्हणाली. "माझ्याजवळ, नाहीतर कुणाजवळही."

मालनबाईंची हनुवटी हलली. मग थांबली, पुन्हा हलली. पडद्यावर तीन वाक्यं आली. मी बरी आहे. चहा घ्या. चालेल.

अंगठा खाली गेला, करड्या बटणावर. तिथे तो अधांतरी थांबला. मालनबाईंनी मान वर करून ऋजुताकडे पाहिलं, मग तिच्यासमोरच्या कपाकडे पाहिलं. चहावर साय धरायला लागली होती. अंगठा वर सरकला.

"चहा घ्या," मोबाइल म्हणाला.

ऋजुताने कप उचलला. दोन चमचे साखर जास्त होती. "छान झालाय," ती म्हणाली. चहा काही चाचणीचा भाग नव्हता.

मग तिने लिहिलं, 'अंगठा चौथ्या बटणावर चार सेकंद. कंप?' पुण्याला येऊन तक्ता भरताना ते प्रश्नचिन्ह गळलं.

*

एकेचाळीस घरं झाली. कोल्हापूर, मिरज, बार्शी, नगर, चिपळूण. वर्षअखेरीस ऋजुता आणि फारूक मणेर आकडे घेऊन बसले. संदेशांचं गणित फारूकचं होतं, माणसांचं ऋजुताचं.

"चौथं बटण काढायचं?" फारूक म्हणाला.

"एकेचाळीसपैकी अडतीस जणांनी ते एकदाही दाबलं नाही. आणि जागा खातंय. चार बटणं असली की शंभरातले अठरा स्पर्श भलतीकडे पडतात. तीन केली तर सहा. हात थरथरणाऱ्या माणसाला हा केवढा फरक आहे."

"ते खरं. पण मला एक सांग, माझ्या अम्मीसमोर तू हे ॲप ठेवलंस तर ती काय म्हणेल? तू ताशी दोनशे मैल वेगानं चुकलेली असलीस तरी म्हणेल, 'अच्छा है बेटी, लई छान.' वर तुला शीरखुर्मा खायला घालेल."

"म्हणून तर आपण मत विचारत नाही, फारूक. वेळ मोजतो. तोंड खोटं बोलेल, बोट कसं बोलेल?"

"आणि या नोंदी? 'चौथ्या बटणावर बोट थांबलं.' खूप ठिकाणी दिसतायत."

"खालचं बटण आहे. हात पडद्याच्या कडेला टेकतो. कंप."

फारूकने मान डोलवली. आकडे स्वच्छ होते. चौथं बटण गेलं, उरलेली तीन मोठी झाली. मनातलं बोलायला लागणारा सरासरी वेळ अकरा सेकंदांवरून पाचवर आला. त्या वर्षी सुलभतेच्या एका परिषदेत ऋजुताने हा तक्ता दाखवला, तेव्हा मागच्या रांगेत चाकाच्या खुर्चीवर बसलेले एक गृहस्थ टाळ्यांऐवजी डाव्या हाताने खुर्चीच्या दांड्यावर थाप देत राहिले. ती रात्रभर खुशीत होती.

मग 'मुखर' पसरलं. दवाखान्यांनी ते घेतलं, बँकांनी घेतलं. दोन वर्षांत नियमही झाला, की वाचाघात झालेल्या व्यक्तीने अशा ॲपवर निवडलेलं वाक्य, तारीख-वेळेसह नोंदलेलं असल्यास, तिचं स्वतःचं म्हणणं धरावं. वर्षानुवर्षं ज्यांच्या वतीने घरचे लोक सही करत आले, त्यांना स्वतःचं म्हणणं मिळालं, असं वर्तमानपत्रांनी लिहिलं. ऋजुताने ते कात्रण आईला पाठवलं.

*

त्या चाचण्यांना चार वर्षं होत आली, तेव्हा फेब्रुवारीत एकदा फारूक तिच्या टेबलापाशी आला आणि त्याने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. नेहमीसारखा विनोद करून त्याने सुरुवात केली नाही, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

"हे बघ. एकूण वाक्यांत नकाराची वाक्यं किती. नको, नाही, आवडलं नाही, मला जायचंय, सोडा मला, सगळी धरून. पहिल्या महिन्यात शंभरात एकवीस. सहाव्यात बारा. दोन वर्षांनी चार."

"लोकांच्या गरजा भागायला लागल्या असतील. चिडचिड कमी होते, असं घरचे सांगतात."

"मीही तेच म्हटलं. म्हणून आजाराच्या तीव्रतेप्रमाणे वेगळं काढून पाहिलं. ज्याचा संदेश जितका अंधुक, तितका त्याचा नकार लवकर संपतोय. सुखी होण्याचा आणि स्नायूंच्या संदेशाचा काय संबंध?"

ती आकड्यांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "ॲप इतरांच्या निवडीवर जातंय. आणि इतरांनीही 'चालेल'च निवडलंय."

"का पण? पहिल्यांदा तरी कुणी का निवडलं?"

त्या आठवड्यात तिने चार वर्षांपूर्वीच्या एकेचाळीस चाचण्यांची चित्रणं काढली आणि आवाज बंद करून पाहिली. या वेळी तिने बोट पाहिलं नाही, चेहरा पाहिला. बार्शीचे एक मास्तर, चिपळूणच्या एक निवृत्त परिचारिका, मिरजेचे तबलजी. बोट चौथ्या बटणावर जाई. मग नजर उठे आणि समोर बसलेल्या, लांबून आलेल्या, हातात कागद धरलेल्या मुलीवर जाई. मग बोट वर सरके आणि त्यातल्या त्यात जवळचं वाक्य दाबलं जाई. एकेचाळीसपैकी एकोणतीस वेळा. कंप असता तर नजर उठली नसती.

पाहुणी ताटकळलीय. एकदा नाही म्हणायचं, मग पुन्हा तिने थांबायचं, पुन्हा नाही म्हणायचं. असं कुणी करतं का? त्यांनी तिच्यासाठी वाक्य निवडलं होतं. मत विचारलं की लोक भिडेखातर बोलतात, हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिने बोटांचे सेकंद मोजले होते. बोटांनाही भीड असते, हे तिला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं. स्वतः तो गोडमिट्ट चहा शेवटच्या घोटापर्यंत पीत असतानाही तिच्या लक्षात आलं नव्हतं.

तिने अहवाल लिहिला. चौथं बटण पुढच्या आवृत्तीत परत आणू, असं कंपनीने लगेच मान्य केलं. तो प्रश्न सोपा होता. मागच्या चार वर्षांतल्या वाक्यांचं काय, याला उत्तर नव्हतं. काय निवडलं एवढंच ॲप साठवत होतं. काय सांगायचं राहिलं, याची नोंद कुठेच नव्हती.

मग तिने सन्मतीला फोन लावला.

"मॅडम, तुम्ही," तो आनंदाने म्हणाला. "आई आता पुण्यातच असते की. दोन वर्षं होतील. या ना घरी."

*

सोळाव्या मजल्यावरचं घर उजेडाचं होतं. मालनबाई खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. केस नीट विंचरलेले, अंगावर इस्त्रीची सुती साडी. गळ्यात दोरीने मोबाइल अडकवलेला. ऋजुताला पाहून त्यांची हनुवटी हलली, अंगठा पडद्यावर गेला.

"या, बसा," मोबाइल म्हणाला.

"न्हाई," मालनबाई म्हणाल्या.

सन्मती हसला. "तोंडानं अजून तेच. पण इथं खरं काय ते सांगते." त्याने मोबाइलकडे बोट केलं. "तुमचे किती आभार मानू? पूर्वी आई म्हणजे, तुम्हाला सांगतो, फार कडक. भाजीत मीठ कमी असलं तरी ताट सरकवायची. बायको घाबरूनच होती, ही इथं येऊन राहणार म्हणून. पण आता कसली शांत झालीय. जे विचारू त्याला चालेल म्हणते. आजारानं माणूस समजूतदार होतं, नाही का?"

ऋजुताने पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरला.

"इथं यायचं कसं ठरलं?" तिने विचारलं.

"तिनंच ठरवलं की. मी दाखवतो तुम्हाला." त्याने स्वतःच्या मोबाइलवर नोंद उघडली. तारीख, वेळ, प्रश्न. 'आई, माझ्याकडे पुण्याला राहायला येशील का?' खाली उत्तर. 'चालेल. तुला योग्य वाटेल तसं कर.' लागलेला वेळ, चार सेकंद. "राजाक्का तेव्हा भांडायला उठल्या होत्या. तिचं न्हाई खालचं आहे म्हणून. मी म्हटलं, अक्का, तुमचा कान मोठा का हे मशीन मोठं?"

तो उठला आणि पाणी आणायच्या निमित्ताने तिला स्वयंपाकघराशी घेऊन गेला. आवाज खाली आणून म्हणाला, "घर आता नाहीये. गेल्या महिन्यात पाडलं. तिथं नवी इमारत होतेय. तेही तिला विचारलं होतं, चालेल म्हणाली. पाडल्याचं मात्र सांगितलं नाही. उगाच मनाला लावून घेईल. तुम्हीही बोलू नका."

मालनबाई कुठे राहणार, हा प्रश्न कुणी त्यांना विचारलाच नव्हता, असं म्हणता येत नव्हतं. विचारला होता. उत्तराच्या जागी ऋजुताने काढलेला तक्ता उभा होता.

ती परत आली आणि मालनबाईंसमोर जमिनीवर बसली. पिशवीतून एक मोबाइल काढला. "मालनबाई, हे तुमचंच ॲप आहे. पण यात खाली एक बटण जास्त आहे, पूर्वी होतं तसं. मी त्या वेळी ते काढून टाकलं. माझी चूक झाली." तिने ते बटण दाखवलं. "तुमच्या मनातलं नसेल तर हे दाबायचं. शंभर वेळा दाबलं तरी चालतं. मी समोर बसणार नाही. गॅलरीत जाते. कुणी तुमची वाट बघत नाहीये."

मालनबाईंनी बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. मग मान पडद्याकडे वळवली.

गॅलरीत सन्मती रेलिंगला टेकून उभा राहिला. दहा मिनिटं गेली. पंधरा.

"काही अडलंय का बघू का?"

"नको."

"एवढा वेळ लागत नाही तिला. पाच सेकंदांत बोलते."

"माहीत आहे."

तिने मग त्याला सगळं सांगितलं. चौथ्या बटणाचं, एकोणतीस नजरांचं, अंधुक संदेशांचं. इतरांची निवड कशी आपल्या तोंडी येते तेही सांगितलं. तिने शब्द मोजून वापरले, जिथे खात्री नव्हती तिथे खात्री नाही म्हणाली. सन्मती ऐकत होता. खाली सोसायटीच्या आवारात कुणी तरी गाडी मागे घेत होतं.

"म्हणजे ते 'चालेल' आईचं नव्हतं?"

"मला माहीत नाही. बोट त्यांचंच होतं. पण दुसरं काही दाबायला आम्ही ठेवलं नव्हतं."

"मी तिच्यावर जबरदस्ती नाही केली."

"नाही. तुम्ही विचारलंत."

"तुम्हाला तेव्हा दिसलं नाही हे? तुम्ही समोर बसला होता."

"लिहून ठेवलं होतं," ऋजुता म्हणाली. "कळलं नव्हतं."

तो आणखी काही बोलणार होता. तेवढ्यात आतून मोबाइलचा आवाज आला. त्याच गुळगुळीत, कुणाच्याच नसलेल्या आवाजात, सावकाश.

"माझं घर अजून आहे का?"

सन्मतीचा हात रेलिंगवरच राहिला. नोंदीत नंतर दिसलं की या एका वाक्याला त्रेचाळीस मिनिटं लागली होती आणि 'यातलं नाही' सदतीस वेळा दाबलं गेलं होतं. मी बरी आहे, यातलं नाही. पाणी हवं, यातलं नाही. चालेल, यातलं नाही. प्रत्येक वेळी ॲप जरा लांब जाऊन शोधत होतं आणि प्रत्येक वेळी मालनबाई ते उजेडात धरून बाजूला टाकत होत्या.

ती दोघं आत गेली. मालनबाईंच्या कपाळावर घाम होता. डावा हात दमून मांडीवर पडला होता, उजव्याच्या शेजारी. त्यांनी ऋजुताकडे पाहिलंच नाही. त्या मुलाकडे पाहत होत्या.

"आहे की, आई," सन्मती म्हणाला. "जातंय कुठं."

मालनबाईंची नजर हलली नाही. त्याने ऋजुताकडे पाहिलं. तिने मदत करावी असं त्याला वाटत असावं. चार वर्षांपूर्वी समोरच्याला मदत करायची नाही म्हणून ती निश्चल बसली होती. आज तिला काही तरी करावंसं फार वाटलं आणि करण्यासारखं तिच्याजवळ काही नव्हतं. घर गेल्या महिन्यात पडलं होतं. पुढची आवृत्ती येत्या जूनमध्ये येणार होती.

सन्मती खाली बसला. "नाही आई," तो म्हणाला. "पाडलं."

मालनबाईंनी डोळे मिटले. अंगठा उचलला नाही.

"मला वाटलं, तू हो म्हणालीस," तो म्हणाला.

ऋजुताने पिशवी उचलली. चौथ्या बटणाचा मोबाइल तिथेच ठेवला. तो ऑफिसातून बाहेर आणायचीच परवानगी तिला नव्हती, मग इथे ठेवून जायची कुठली. आता तिला ते विचारावंसं वाटलं नाही. मालनबाईंच्या जवळ जाऊन माफी मागावी असं तिच्या मनात आलं. पण माफी मागितली की समोरच्याला काही तरी म्हणावं लागतं, आणि मालनबाईंवर आणखी एका उत्तराचं ओझं टाकायचा आपल्याला हक्क नाही, असं तिला वाटलं. ती गुपचूप दाराबाहेर आली आणि दार हलकेच ओढून घेतलं.

लिफ्टचं बटण दाबून ती उभी राहिली. घराचं दार पुरतं लागलं नव्हतं. आतून सन्मतीचा आवाज येत होता. तो आईला सांगत होता. आधी पुढची पडवी गेली. मग माजघर. चौकटी राजाक्कांनी आपल्याकडे ठेवून घेतल्यात, कशाला विचारलं तर म्हणाल्या, मालन आली की देईन. मधली भिंत मातीची होती, लगेच बसली. तो सांगे, थांबे, पुन्हा सांगे.

मग सांगणं थांबलं. तिला वाटलं, तो उठून गेला असेल.

"कुठं राहायचं तुला?" सन्मती म्हणाला. "इथं, का सांगलीला खोली बघू राजाक्कांजवळ, का आणखी कुठं? सांग. मी बसलोय."

लिफ्ट आली. तिचं दार उघडलं, थोडा वेळ उघडं राहिलं, मिटलं, आणि ती रिकामीच खाली गेली. आतून अजून काही उत्तर आलं नव्हतं, आणि त्याने पुन्हा विचारलंही नव्हतं.